गोंदलेली देवी

"हिला पुढे आणा. देवीच्या शेजारी उभी करा," बुवा म्हणाले.

हिला म्हणजे माझ्या मायला. माय भिलाटीतल्या, आमच्या भिल्लांच्या वस्तीतल्या, बायांबरोबर पाराच्या कडेला उन्हात बसली होती. ती उठली. पदर सारखा केला. हसली. तिला वाटलं, देवीचा मुखवटा आमच्या घरी घडलेला, म्हणून काही मान द्यायला बोलावतायत. नारळबिरळ. ती लगबगीने पुढे गेली आणि बुवांनी काठीने दाखवलं तिथे उभी राहिली. तोंडावर हसू तसंच.

काठीचं टोक आधी मुखवट्याच्या हनुवटीला लागलं. मग मायच्या हनुवटीला.

"इथे तीन ठिपके. इथेही तीन. कपाळावर हा एक, इथेही एक. डोळ्याशेजारी ही फुली. इथेही तीच." प्रत्येक वेळी काठी आधी लाकडाला, मग मायला. "आता गावकऱ्यांनो, तुम्हीच सांगा. यातली जगदंबा कोणती आणि भिलीण कोणती?"

गाव हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "दारू दाखाडा बुवा! हात पुढे करी ती भिलीण शे!" मग तर काय, पोटं धरून हसले. ज्यांच्या वावरात मायने कापूस वेचला, ज्यांच्या बायकांची बाळंतपणं तिने केली, ते सगळे हसले. माय तशीच उभी. तिचं हसू विझलं, पण ओठ मिटायचे राहून गेले. दात दिसत होते. ते दात बघून लोक आणखी हसत होते.

मी सतरा-अठराची असेन. मुखवटे मांडलेल्या घोंगडीपासून चार हातांवर उभी होते. ते ठिपके मी काढले होते.

आमचं गाव नवापूरच्या रस्त्यावर, डोंगर सुरू होतात तिथे. चैत्रात गावात भोवाडा होतो. देवांची, राक्षसांची लाकडी तोंडं माणसं आपल्या तोंडाला बांधतात आणि संबळाच्या तालावर गावभर नाचवतात. त्याच्या आधी मांडणीचा दिवस. मारुतीच्या पारासमोर घोंगडी अंथरून सगळे मुखवटे ओळीने मांडायचे, पूजा करायची, गावाने येऊन बघायचे. गणपती, खंडेराव, रावण, वेताळ, आणि मधोमध देवी. देवीचं तोंड झिजलं, किडलं, की नवं करायचं काम आमच्या घराकडे. बा पांगाऱ्याचं लाकूड आणायचा, कोरायचा. माय चिंचोक्याची खळ शिजवायची, चुना घोटायची. रंग मी द्यायची. शेवटी डोळे बा उघडायचा, म्हणजे बुबुळं रंगवायचा. डोळे काढले की फडकं टाकून मुखवटा पारापाशी ठेवून यायचं. त्यानंतर आमच्यापैकी कुणी हात लावायचा नाही. डोळे उघडेपर्यंत ते आमचं लाकूड. डोळे उघडले की तो देव, आणि आमचा हात म्हणजे विटाळ. मला ही रीत लहानपणापासून ठाऊक होती आणि मी कधी तिच्यावर विचार केला नव्हता. आकाश वर असतं तशी ती होती.

त्या वर्षी नवी देवी करायची होती. मी रंगवायला घेतली. नाक झालं, ओठ झाले, मळवट भरला. आणि हनुवटी कोरी दिसायला लागली. आमच्यात पोरी लग्नाआधीच गोंदून घेतात; लग्न झालेली बाई गोंदल्याशिवाय नसते. मेल्यावर दागिने, लुगडं, सगळं इथेच राहतं, एवढं गोंदण तेवढं बरोबर येतं, असं माय म्हणायची. माझं अजून गोंदलेलं नव्हतं, कारण मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी मनाई केली होती. त्यावरून ती रोज कुरकुर करायची. मग ही देवी, महादेवाची बायको, एवढ्या मोठ्या घरची, आणि हनुवटी कोरी? मला कसंतरी वाटलं. वाटलं, बिचारीला कुणी माहेर नाही काय? समोर माय चुना घोटत होती. तिच्याकडे बघत बघत मी काजळाने ठिपके काढले. बाने पाहिलं आणि मान हलवली. "आते बाई दिसस," म्हणाला. मग त्याने डोळे उघडले.

बंडबिंड काही नव्हतं त्यात. कुणाला डिवचायचं नव्हतं. देवी ही बाई आहे आणि बाई अशी असते, एवढंच मला माहीत होतं.

बुवा त्याच सालात गावात आले होते. नाशकाकडचे. देवळात राहायचे, पोथी सांगायचे, धर्मात घाण शिरली आहे ती काढायची आहे म्हणायचे. पाटलाच्या घरचे अण्णा त्यांच्या शेजारी बसायचे. अण्णा म्हणजे गावातलं मोठं नाव. खादी, पांढरी टोपी. जंगलाचा कायदा मोडून तुरुंगात जाऊन आलेले. त्या वेळी सरकारी कुरणातलं गवत कापायला पुढे कोण होतं? भिलाटी. विळे आमचे. हार अण्णांना. त्याचं आम्हाला काही वाटलं नव्हतं. उलट अण्णा सुटून आले तेव्हा बा नाचला होता.

म्हणून त्या दिवशी बाने अण्णांकडे पाहिलं. अण्णा पारावर लोडाला टेकून बसले होते. ते हसले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक मला म्हणाले, अण्णा काही हसले नव्हते. खरं आहे. ते पानाला चुना लावत होते.

"चूक व्हयनी मायबाप," बा म्हणाला. "पोरना हात चुकना. माफी करा."

"माफी देवीची माग," बुवा म्हणाले. "नाक घास. आणि ही घाण आत्ताच्या आत्ता काढ."

बाने जमिनीवर नाक घासलं. धुळीत. उठला तेव्हा नाकाचा शेंडा सोललेला होता. मग त्याने मला हाक मारली, कारण ठिपके मी काढले होते. कुणीतरी माझ्यापुढे खापराचा तुकडा टाकला. मी थबकले. डोळे उघडलेला मुखवटा. त्याला हात कसा लावू? मी बुवांकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "बघतेस काय? खरवड."

तिथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी खटकलं. फुलं वाहायला माझा हात बाटलेला. देवीचं तोंड खरवडायला चालतो? पण तेव्हा ते नुसतं खटकलं. मी खाली बसले आणि खरवडलं. खापर लाकडावर करकरत होतं. काजळ गेलं, चुना गेला, खालचं पिवळं लाकूड वर आलं. माय बाजूलाच उभी होती. तिला बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आलो. बाने भाकरी ढकलून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नाल्यावरून पाणी घेऊन आले तर घरात जळकट वास. माय चुलीपाशी बसलेली. विस्तवावर बिब्बा तापत होता. काळं तेल सुटलं होतं आणि ती काडीने ते आपल्या हनुवटीला लावत होती. एका ठिपक्यावर. मग दुसऱ्यावर. बिब्बा उतला, कातडीवर फोड आले, की माणूस महिनाभर तळमळतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी हंडा टाकून धावले, तिचा हात धरला.

"माय, काय करी ऱ्हायनी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. शांत. वेड लागलेल्या माणसासारखी शांत नव्हे. भांडं घासणाऱ्या बाईसारखी शांत.

"देवीले चालत नही," ती म्हणाली. "मंग हाई तोंड लिसन मी कोठे जाऊ?"

मला तेव्हा काय झालं ते लिहिणं अवघड आहे. राग आला म्हणू का? राग तर आदल्या दिवशीच यायला हवा होता, आणि आला नव्हता. आदल्या दिवशी मला लाज वाटली होती. आमची लाज, आमच्या तोंडांची. माय ती लाज बिब्ब्याने जाळत होती. ते बघितलं आणि लाज पलटली. ज्या तोंडाने मला जन्मल्यापासून घास भरवला, ते तोंड विटाळ? कुणी ठरवलं? एक माणूस काठी घेऊन परगावाहून येतो आणि माझी माय चुलीपाशी बसून आपलं कातडं सोलते. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. शेजारपाजार जमला.

हनुवटी सुजली, फुटली, पाणी वाहायला लागलं. कितीतरी दिवस तिला भाकरी चावता येत नव्हती. आंबील पाजावी लागायची. जखम भरली तेव्हा तिथे गुलाबी, चुरगळलेला डाग राहिला, आणि त्या डागाच्या आत ते तीन ठिपके पुसट पुसट तसेच. कातडी गेली, गोंदण गेलं नाही.

मिशनचे मास्तर मायला बघायला आले. माणूस मायाळू. मलम त्यांनीच आणलं. मला वाचायला-लिहायला त्यांनी शिकवलं, फी न घेता, हे मी विसरणार नाही. मलम लावून झालं आणि त्यांचा उपदेश सुरू झाला. "बेटी, यातून शिक. देवाने दिलेल्या देहावर खुणा करणं पापच आहे. आणि ते मुखवटे? सैतानाचं काम. सगळे चुलीत घाल आणि आमच्याकडे ये."

मी म्हटलं, "मास्तर, बुवा नुसते ठिपके पुसायला सांगतात. तुम्ही तर अख्खं तोंडच पुसायला सांगताय."

ते दुखावले. छत्री उचलून गेले. मलमाची डबी मात्र ठेवून गेले, तसे ते चांगले.

वर्ष गेलं. साहेबाची लढाई सुरू झाली होती, रॉकेल मिळेना, बाजारात सगळं महाग. फाल्गुनात अण्णा स्वतः भिलाटीत आले. आमच्या अंगणात, बाजेवर बसले. खरवडलेली देवी पुन्हा नाचवायची नाही, असं गावाने ठरवलं होतं. नवी हवी. त्यांच्या हातात गुंडाळी होती. उलगडली. मुंबईच्या छापखान्यातली रंगीत तसबीर. देवी. गोरीपान, गालांवर गुलाबी, नाकात मोत्याची नथ, हनुवटी सोललेल्या अंड्यासारखी.

"पोरी, मांगलं व्हयनं ते व्हयनं," अण्णा गोड बोलले. "हाई देख. बुवास्नी आनेल शे. हुबेहूब अशी कर."

बाने तसबीर दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मी बराच वेळ बघत राहिले. देखणी होती. खोटं का बोलू? पण तिला भूक लागली तर ती काय खाते, पाय दुखले तर कुठे टेकते, हे मला काही केल्या दिसेना. ओळखीचं असं तिच्यात काहीच नव्हतं.

"अण्णा, हाई बाईले मी वयखत नही."

"वयखाले कसाले पाहिजे? देखीसन कर."

"वयख नही तिनं तोंड कसं करू? मी देखेल तोंडच करस."

बा मध्ये पडला, "पोर शे, अण्णा, मी करस, मी करस..." अण्णांनी हाताने त्याला थांबवलं. त्यांचा गोडवा सरला होता.

मला त्यांचं भाषण आठवलं. तुरुंगातून आल्यावरचं. त्याच पारावर उभे राहून म्हणाले होते की सरकारने आमच्या तोंडाला कुलूप घातलं आहे, माणसाचं बोलणं बंद करणं म्हणजे त्याला जितेपणी गाडणं. मी तेव्हा लहान होते. टाळ्या वाजवल्या होत्या.

"अण्णा," मी म्हटलं, "सरकारनी तुम्हनं तोंड बंद करं व्हतं, तवय तुम्हले कसं वाटनं?"

ते पुढे सरकले. बाजेची दोरी करकरली.

"ती देशनी गोट व्हती," ते म्हणाले. "हाई धरमनी शे." मग उठले. तसबीर बाच्या हातातून काढून घेतली. "आते आम्हना वावरमा तुम्हना घरनं काम बंद."

बंद म्हणजे बंद. दुसऱ्या दिवसापासून बाला कुणी हाक मारली नाही. तो सरकारी रस्त्यावर खडी फोडायला गेला. माय माझ्यावर बरसली. "तुन्हा जिभनी घर खादं!" म्हणाली. भिलाटीतल्या लोकांनीही तोंडं फिरवली, कारण त्यांना भीती होती की उद्या त्यांचंही काम जाईल. मी त्यांना दोष देत नाही. पण मला एकटं वाटलं, फार एकटं, आणि रात्री झोप लागेना, दिवसा एका जागी बसवेना. हात शिवशिवत होते.

मी पांगाऱ्याचा ओंडका आणला. बाचं लाकूड तासायचं वाकस घेतलं, पटाशी घेतली. बा म्हणाला, मी बघितलंच नाही, आणि खडी फोडायला निघून गेला. बायकांनी कोरायचं नसतं. नसतं तर नसतं. पहिले दोन ओंडके मी वाया घालवले, तिसऱ्यात नाक सापडलं. मायला म्हटलं, समोर बस. तिने तोंड फिरवलं.

"मन्हं तोंड करू नको. ते गयं आते."

मी पटाशी उचलली. काम करत राहिले. चौथ्या-पाचव्या दिवशी ती सूप घेऊन आली, माझ्यासमोर उजेडात बसली आणि नागली निवडायला लागली. निवडून झाली तरी उठली नाही. तीच नागली पुन्हा निवडत बसली.

हनुवटी मी शेवटी केली. पटाशीने तिथलं लाकूड खडबडीत केलं. चुन्यात थोडा गेरू घालून तो जळका गुलाबी रंग भरला. आणि त्याच्यावर तीन ठिपके. पहिल्या वेळी मी अजाणता केलं होतं. आता एक एक ठिपका जाणून काढला. डोळे घरातल्या पुरुषाने उघडायचे असतात. तेही मीच उघडले.

मांडणीच्या दिवशी गावाने शहरातून आणलेली देवी घोंगडीवर मधोमध होती. गुलाबी गालांची. मी भर सकाळी, फडकं न टाकता, माझी देवी दोन्ही हातांत धरून गावातून चालत गेले. लोक बाजूला होत गेले. पारासमोर पोचले. वाकले आणि तिला त्या गोऱ्या देवीच्या शेजारी ठेवलं.

गाव या वेळी हसलं नाही. एक म्हातारी पुढे झाली, जिचं शेवटचं बाळंतपण मायने केलं होतं. तिने मुखवट्याची हनुवटी बघितली. मग गर्दीत मायला शोधलं. मग मान खाली घातली.

बुवांचा आवाज चिरकला. "हे काय आहे?"

"देवी शे."

"पुन्हा तीच चूक?"

"मांगे चूक व्हती," मी म्हटलं. "औंदा समजीसन करं."

"नाक घास!"

"नही."

मोठ्याने म्हटलं नाही. पण पारावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेलं. बा मागे होता, तो जमिनीकडे वाकायला लागला होता. मी वळले आणि त्याच्या दंडाला धरून त्याला उभं केलं. "बा, आते कोनी वाकावं नही," मी म्हटलं. तो उभा राहिला. अण्णा मला म्हणाले, धर्माच्या भावना दुखावल्या म्हणून तुला आत टाकता येईल. मी म्हटलं, टाका. तुम्ही जाऊन आलाय, वाट तुम्हाला माहीत आहे.

मग कुऱ्हाड आली. कुणी आणली सांगत नाही, नाव घेऊन त्याला मोठं कशाला करू? तीन घावांत तोंड फुटलं. हनुवटी वेगळी होऊन माझ्या पायापाशी आली. बुवा म्हणाले, उचल ही घाण आणि चालती हो. मी उचलली नाही. खापर उचलायला सांगितलं तेव्हा मी उचललं होतं. आता ज्यांनी फोडलं त्यांनी उचलावं. मी मायचा हात धरला आणि आम्ही तिघं गावाच्या मधल्या रस्त्याने, रुंद रस्त्याने घरी आलो.

ह्याला आता काही महिने झाले. बा अजून खडी फोडतो. माझं ठरलेलं लग्न मोडलं, त्या घरच्यांना जिभेची पोर नको. माय अजून अधूनमधून म्हणते की तू गप्प राहायला हवं होतंस, आणि म्हणताना पदराने हनुवटी झाकत नाही. आम्हाला न्याय मिळाला नाही. कुणी माफी मागितली नाही. मिळेल, मागतील, असं मला वाटतही नाही.

पण हे लिहून ठेवते आहे, मास्तरांनी शिकवलेल्या अक्षरांनी, म्हणजे कुणी म्हणू नये की पोरीचा हात चुकला होता. माझ्यापुढे आज नवा ओंडका आहे. येत्या चैत्रात मी पुन्हा पारावर जाणार आहे. पुन्हा फोडतील. त्याच्या पुढच्या चैत्रात पुन्हा जाणार आहे. देवी करताना मी बुवांना विचारणार नाही, अण्णांना विचारणार नाही, मास्तरांनाही विचारणार नाही. कुऱ्हाड त्यांच्याकडे आहे, ती त्यांनी चालवावी. तोंड मात्र मीच करणार, आणि ते माझ्या मायचंच असणार.